पाळण्याचं तिसरं कडवं

२ ऑक्टो., दसरा. गेर्लिंगेन.
सुमन, रोज लिहीन असं तुला कबूल केलं आणि वही आज उघडतोय. रागावू नकोस. तू विनूच्या बाळंतपणाला वोल्फ्सबुर्गला गेल्यापासून दिवस कुठे जातात कळत नाही.
आज घोळ केला. जुना लॅपटॉप पूजेला पाटावर मांडायचा म्हणून वायर काढली. पडद्यावर जर्मनमध्ये काहीतरी लिहिलेलं, गोल गोल फिरत होतं. बॅटरी तर केव्हाच मेलेली. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. नंतर सुरूच होईना.
आईच्या आवाजातला पाळणा त्यातच. दुसरीकडे कुठेच नाही. आणि १२ला बाळाचं बारसं.

३ ऑक्टो.
जर्मनीच्या एकीकरण दिनाची सुट्टी. सूनबाई घरी. मुग्धा म्हणाली, "अहो बाबा, अपडेट चालू होतं! यंत्राची पूजा करायची असते, बळी नाही द्यायचा."
मला हसू येईना. विनूला कळलं तर...
दुपारी डोळा लागला. पाण्यापलीकडे धुक्यात आई पाळणा हलवतेय. ओठ हलतात, आवाज पोचत नाही.

५ ऑक्टो.
मुग्धाने पेनड्राइव्हवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम आणली. लॅपटॉप त्यावरून चालू केला. ही आत राहायला येत नाही म्हणे, पेनड्राइव्ह काढला की गेली. जुन्या डिस्कमध्ये फक्त डोकवायचं, काही लिहायचं नाही. मला हात लावायची बंदी.
पडदा उजळला. धरणाचं पाणी ओसरल्यावर बुडालेलं गाव दिसावं, तसे एकेक फोल्डर दिसायला लागले. एकावर नाव: आई.
"हाच! हाच तो!"
"गेनाऊ, अगदी बरोबर. पण बाबा, श्वास घ्या आधी."

६ ऑक्टो.
मुग्धा ऑफिसात. कॉपी चालू. डिस्क कुरकुरते, हिरवी पट्टी सरकते, थांबते. मी शेजारी बसून. खिडकीबाहेर पानं गळतायत, तीही तशीच, थांबून थांबून. चहा दोनदा गार. उठलो तर पट्टी थांबेल असं वाटतं. वेडेपणा.

७ ऑक्टो.
आवाज आला! आई आधी खाकरली, मग लागली गायला. खोलीभर झाली. पहिल्या कडव्यात मामा, दुसऱ्यात मावशी. तिसऱ्यात "आत्या आली नावेतून, आणलं बाळाला..." आणि खरखर. मग काहीच नाही.
डिस्कचा तेवढा भाग वाचता येत नाही म्हणे. "पुन्हा बघते मी. पण खात्री नाही देत हं, बाबा."
आईने ते विनूच्या वेळी स्वतः रचलेलं. तिच्याकडून शिकलीस ती तू एकटी. मी नुसता ऐकणारा. डोळे मिटले की ती पाण्यातली नाव दिसते, आत्याचा पुढे केलेला हात दिसतो. हातात काय आहे ते दिसत नाही.
या पानांचे फोटो मुग्धाच्या फोनवरून तुला पाठवतोय. सुमन, आत्याने काय आणलं होतं गं? आठवलं तर आजच कळव. नाही आठवलं तरी कळव.