सत्यजित जेवायला आला

ग्योतोकु, ६ एप्रिल २०२५

ती. केदारदादास,
सा. न. वि. वि.

तो सापडला! पाडव्याच्या प्रोग्रॅममध्ये, माझ्याच टेबलवर. सत्यजित. इथून जवळच, एदोगावा भागात राहतो. दारू पिऊन ज्याने बाबांना गाडीने उडवून मारलं आणि स्वतःच्या जागी ड्रायव्हर पंढरीनाथला जेलमध्ये पाठवलं, तोच माणूस श्रीखंड मागून घेत होता. मी सासरचं आडनाव सांगितलं, त्याला पत्ता लागला नाही.

तोयोसुच्या जपानी कंपनीत माझ्या टीममध्ये लुल्झिम-सान आहे, अल्बानियाच्या डोंगरातला. त्यांच्याकडे खुनाचा बदला खुनानेच घ्यायचे. ज्याने घेतला नाही त्याला कॉफी गुडघ्याखालून द्यायची, असला अपमान! त्याचा काका अजून वैऱ्यांच्या भीतीने घराबाहेर पडत नाही. पण सगळ्यात भारी नियम ऐक. वैरी जरी उंबरठा ओलांडून आला तरी तो पाहुणा, हात लावायचा नाही. आपल्या हद्दीबाहेर सोडून यायचं, मग वैर परत चालू. रोज लंचला मी त्याचं डोकं खाते.

लोभ आहेच, राग पण असू दे.
नुपूर

सांगली, १३ एप्रिल

चि. नुपूरला अ. आ.

अगं बावळट, नियम कसले शिकतेस? बाबांना उडवताना त्याने कुठला पाळला? पंढरीनाथ सुटून आलाय, पण भीतीने तोंड उघडत नाही. वकील म्हणतात पुरावा आणा. सत्यजितला जेवायला बोलाव, बोलतं कर, गुपचूप रेकॉर्ड कर. ही संधी घालवलीस तर मला दादा म्हणू नकोस.

जपून राहा, माया कमी करू नकोस.
केदार

ग्योतोकु, २१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल आला होता. बाबांचा फोटो मी मुद्दाम टेबलसमोर ठेवला. आमटी वाढताना त्याचं लक्ष गेलं, घास हातातच राहिला. मग रडत सगळं बोलला. गाडी तोच चालवत होता, पंढरीनाथला धमकावलं होतं. फोन माझ्याजवळ होता. मी रेकॉर्ड केलं नाही. शिव्या नंतर घाल, आधी पुढे वाच. तो माझ्या घरी जेवत होता, दादा. मी त्याला ताक-भात वाढला आणि स्टेशनपर्यंत सोडायला गेले.

तिकीट गेटपाशी त्याला सांगितलं की पाहुणचार इथे संपला. फोन उघड त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, आता तेच परत बोल, नाहीतर उद्या तुझ्या ऑफिसात बाबांचा फोटो घेऊन उभी राहते. दोन ट्रेन गेल्या. मग बोलला, तारखेसकट. रेकॉर्डिंग पाठवलंय, आजच वकिलांना दे.

जाताना त्याने माफी मागितली. मी दिली नाही.

आईला तूच सांग, आणि माझ्यावर जीव असू दे.
नुपूर