अर्ध्या टाकीखाली

४ फेब्रुवारी

गाडी पुन्हा बंद पडली! हायवेवर, भर गर्दीत. आमची स्वारी टोचन लावून घरी आली. चेहरा असा, जणू इंजिन नाही, याचाच श्वास अडकला होता.

"स्टिअरिंग एकदम जड झालं गं. मागे ट्रक होता."

ट्रक होता म्हणे! हायवेवर ट्रक नाही तर काय, जहाज असणार? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस काही करायला गेला आणि ते पार पडलं, असं मी पाहिलेलं नाही.

५ फेब्रुवारी

गॅरेजवाला आला. घरात आम्ही त्याला सर्जन म्हणतो – दिसेल ते उघडतो. बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "सेन्सर गेला असणार." असणार! मागे फिल्टर गेला असणार होता, त्याआधी इंजेक्टर. स्वारी शेजारी उभी राहून मान डोलावत होती. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

८ फेब्रुवारी

नवा सेन्सर. टाकी भरून चक्कर मारली – गाडी झकास. सर्जनची कॉलर ताठ.

११ फेब्रुवारी

बंद.

१२ फेब्रुवारी

माझी अर्धी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेली. पंपानं हवा ओढली की तो असाच उचक्या देत मरतो. डिझेलबरोबर कुठून तरी हवा जातेय, दुसरं काही नाही. जेवताना तसं म्हणाले. तर स्वारी म्हणते, "मलाही वाटलं होतं. टाकी भरलेली असली की पडत नाही बंद, पण पुढं..."

"तुला वाटलं होतं! तुला वाटून काय होतंय?"

पोळी तशीच टाकून उठला. सासूबाई म्हणाल्या, "किती टाकून बोलतेस गं त्याला!" त्यांनाही सुनावलं. लेकाला डोक्यावर कोणी बसवलं?

१५ फेब्रुवारी

फिल्टरपुढं पारदर्शक नळी बसवली – मीच. इंजिन चालू ठेवून बघत बसले. टाकी भरलेली असताना एक बुडबुडा नाही. अर्ध्याच्या खाली आल्यावर बुडबुड्यांची रांग – आणि इंजिन ठप्प!

हो, स्वारी बोलली होती तसंच. पण वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

१७ फेब्रुवारी

सर्जनकडून टाकी उतरवून घेतली. डिझेल ओढणारी आतली नळी मधोमध चिरलेली, केसाएवढी. चीर डिझेलमध्ये बुडालेली असेतो ठीक. वर उघडी पडली की नळी हवा ओढते. म्हणजे टाकी भरायची आणि इलाज केला म्हणून मिरवायचं – एवढीच सर्जनची विद्या! "असं लाखात एखादं होतं, मॅडम." लाखात एक तर तूच आहेस बाबा.

नवी नळी टाकली. टाकी तळाला जाईतो चालवली. घड्याळासारखी चालली.

स्वारीनं सारखं विचारून भंडावलं. "आता नक्की नाही ना बंद पडणार? लांब नेली तरी?"

"नेऊन बघ," म्हटलं. भित्रा!

२० फेब्रुवारी

स्वारी सकाळीच गाडी घेऊन बाहेरगावी गेली. कंपनीचं काम म्हणे. निघताना आईच्या पाया पडली. एवढ्याशा प्रवासाला केवढं नाटक!

२१ फेब्रुवारी

फोन आला. गाडी कुठंही बंद पडली नाही म्हणाला.

"सांगितलं होतं ना! कधी येतोयस?"

"येत नाहीये. आईला हळूहळू सांग."

सासूबाई दारात उभ्या आहेत. विचारताहेत, काय म्हणाला?