दोन घरांच्या मधे राहिलेली सुई

आई, आज तुझ्या नातीला घेऊन दवाखान्यात गेले होते. सातवा लागलाय तिला. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, ही सुई घेतली की धनुर्वात, डांग्या खोकला यांच्याशी लढायची ताकद आईच्या अंगात तयार होते आणि पोटातच बाळाला मिळते. त्याच्या स्वतःच्या लशी होईपर्यंत तीच त्याला राखते. तुझी नात मोबाईल बघत हूं हूं करत होती. कानात प्राण आणून ऐकत होते ती मी. सुई टोचली तिला आणि रडले मी. "मम्मी, तू कायकू रडायलीस? सुई मला दिली ना!" नर्सबाई हसली. "अम्मा, बैठो जरा. पानी पियो." मी बसले, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "दिली ना? पूर्ण दिली ना?" ते बोलणं तुझं होतं.

हीच पोर माझ्या पोटात होती तेव्हाची गोष्ट. मी नांदेडला सासरी, पहिलटकरीण. हैदराबादच्या काचीगुड्याहून तू मला न्यायला येशील म्हणून बॅग भरून दाराशी ठेवलेली. तू आलीस, पण न्यायला नाही. स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणालीस, "बाळंतपण इथंच होऊ द्या. मीच येऊन राहते." मी रडायला लागले तर खेकसलीस, "गप बस. लेकीनं माहेरीच यावं असं कुठं लिहिलंय?" दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात माझा दंड धरून बसलीस आणि नर्सला इतक्यांदा विचारलंस की ती वैतागली, "हो काकू, दिली! तुम्हालाही देऊ का एक?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं तू खरंच येऊन राहिलीस, माझं सगळं केलंस. पण शेजारणी कुजबुजायच्या, माहेरच्यांना लेक जड झाली वाटतं. मलाही तसंच वाटलं.

मावशीनं सांगितलं ते तू गेल्यावर, तुझ्या जलदानाच्या दिवशी, भांडी विसळता विसळता. माझ्याआधी तुला मुलगा झाला होता. तू काचीगुड्याला सासरी. पहिली सुई तिथं घेतलीस. दुसरीची वेळ आली तेव्हा रीतीप्रमाणे तुला गाडीत बसवून माहेरी, गावाकडं धाडलं. सासरच्यांना वाटलं, आता तिकडं देतील. माहेरच्यांना वाटलं, हैदराबाद एवढं मोठं शहर, तिथं दिलीच असेल. तू अठराची. तुला कुणी विचारलं नाही, आणि आपण विचारावं हे तुला ठाऊक नव्हतं. घरातच बाळंत झालीस. पाचवी झाली आणि बाळानं दूध ओढायचं सोडलं. जबडा मिटला. हात लावला की ताठ व्हायचं, म्हणून तुला त्याला धड मांडीवरही घेता येईना. तुझी चोळी दुधानं भिजत राहिली आणि बारशाआधीच तो गेला. दोन्ही घरांनी तुझे लाडच केले होते गं. कुणाला बोल लावणार होतीस तू? मावशी एवढं बोलली आणि भांडी पालथी घालायला लागली.

आता आम्हीही हैदराबादेतच, मलकपेठला राहतो. नात परवा सासरहून आमच्याकडे येतेय, बाळंतपणाला. आधीची आणि आजची, दोन्ही सुया झाल्यात, हे मी तिच्या सासूला फोन करून सांगितलं. मग विसरले की काय म्हणून पुन्हा सांगितलं. मनात म्हणत असेल, बाई जरा जास्तच आहे. असू दे. तू शिवलेली कुंची धुऊन ठेवली, गादीला ऊन दाखवलं.

तू मला का नेलं नाहीस ते आता पुरतं कळतं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. हे पाठवायचं तरी कुठं? पण तुझ्यापाशी खोटं बोलवत नाही. सगळं कळूनसुद्धा, आज गादी झटकताना मला रडू आलं ते तुझ्या त्या बाळासाठी नव्हतं. आई, तू माझी ती बॅग उचलायला हवी होतीस.