डावं पाऊल कोंडाजी आबांना, बुटासकट

तर रुपालीताई, तुम्ही फोनवर म्हणालात, "आधी शुद्धीचं लिही, मग रागाचं." घ्या. मी, प्रज्ञेश गोरख ओव्हाळ, वय चोवीस, राहणार कुसगाव, पूर्ण शुद्धीत आहे. कुणाचा दबाव नाही. म्हणजे आईचा आहे, पण लिहू नको असा. सोमवारी गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं परत ऑपरेशन आहे. डॉक्टर छोटं म्हणतात. तरी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो, कारण या घरात बोललेलं कुणी ऐकत नाही. अंमलबजावणी वकील म्हणून तुम्हीच करायची.

१. लॅपटॉप बहीण अपेक्षाला. पासवर्ड तिला माहीत आहे, ती नाही म्हणते.

२. हेल्मेट मित्र सत्यमला. माझा अपघात बघूनही तो विदाउट हेल्मेट फिरतो आणि मलाच "ए रोबोट" म्हणतो.

३. कृत्रिम पाय. वरची वाटी, म्हणजे सॉकेट, माझ्याच मापाची आहे, दुसऱ्याला बसणार नाही. पण खालचं कार्बनचं पाऊल भारी चीज आहे! टाच टेकली की दबतं, अंग पुढे गेलं की वाकतं, आणि बोटांवर आलं की तोच जोर परत देऊन पुढे ढकलतं. आपला घोटा असाच तर चालतो! हे पाऊल वडिवळ्याच्या कोंडाजी आबांना. ओळख पाय बसवायच्या सेंटरवरची. त्यांचाही डावाच, माप तेच, वजन बघून तिथल्या मॅडम चालेल म्हणाल्या. आबांचं सध्याचं पाऊल एकदम ताठ. भातखाचराच्या बांधावर उतार आला की बिचारे खेकड्यासारखे आडवे उतरतात. मला म्हणाले, "तुजं पाऊल चालतंय रं. माजं मला वढावं लागतंय."

४. बूट. नीट वाचा. पाऊल बुटाच्या टाचेची उंची धरून सेट करतात. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागे झुकतो. हे सांगून सांगून थकलो. आजी, लीलाबाई, उंबऱ्यात उभी: "बूट भाईर! समद्यांना येकच नेम." काढला. ताटासकट मागे पडलो. वर म्हणते, "येवढा म्हागाचा पाय, आन् त्याला हुबं ऱ्हाता येत न्हाई व्हय?" मग जुन्या चपलेचा तुकडा कापून टाचेखाली चिकटवला, तर आईने उपटून फेकला. स्वयंपाकघरात चप्पल नको! म्हणून आबांना दोन जोड द्यायचे, टाच सारखीच, एक घरातला, एक बाहेरचा. त्यांच्या घरच्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवायचं.

५. आई म्हणते, "काही झालंच, तर पाय लावूनच नेणार तुला. माझं लेकरू अर्धं नाही पाठवणार." तरी लिहितो: आधी पाय काढून घ्यावा. चितेवर मला कुठे चालायचंय?

सही: प्रज्ञेश गो. ओव्हाळ
साक्षीदार, दोघेही शेजारी: धोंडिबा शिंदे (सही), कस्तुराबाई गायकवाड (डावा अंगठा)
कुसगाव, १४ जून २०२५

ता. क. आईने आत्ता पाचवं कलम वाचलं. मग म्हणाली, "त्या आबांना उद्या जेवायला बोलव. कुणाला देतोयस ते बघू दे मला." आता आली का पंचाईत! त्यांचंही पाऊल बुटावरच सेट आहे. बूट काढला तर आबा आईसमोरच पडतील, आणि ती म्हणेल, यांना देऊन काय उपयोग? नाही काढला तर आजी ताटावरून उठेल. ताई, तुम्ही आबांच्या जागी असतात, तर बूट काढला असतात का?