बाशिंगाची गाठ

अमरावती, मार्च १९६२

देवमन,

काल अकोल्याले येऊन तुझं नाटक पाहिलं. निळा उजेड, पडद्यावर रंगवलेली कपाशी, एकमेकांवर जीव जडलेले दोन देखणे मित्र. लोकायनं पडद्यालेच टाळ्या वाजवल्या. पण एकाचं लग्न ठरते, तवा ते दोघं नुसते चंद्राकडे पाहत राहतात. काहून? तवा काय बोलायचं ते तर तुले ठाऊक होतं. तुझ्या लग्नात बाशिंग म्या बांधलं, तवा तू हळूच म्हणाला होता, "घट्ट बांध नत्थू, नाहीतर पळून जाईन मी." तेच वाक्य तू गाळलं.

हे पत्र टाकणार नाही. तुझी पत्रं वहिनी उघडते. पण म्या गाठ मुद्दाम सैल ठेवली होती. तूच हात मागं नेऊन ती आवळली.

नत्थू