रॉकेल न मारलेली बरणी

तीर्थस्वरूप ऑगस्टामावशीस,

वेंडेलचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून लिहितोय, कारण बसलोय सेटवरच्या जिन्याखाली. हा जिना अर्ध्यावरच संपतो, वर काही नाही, पण खाली सावली झकास पडते.) तुझा गुडघा काय म्हणतो? हर्मनकाकांना खोकल्यावर तू जो काढा पाजतेस त्याने खोकला हटला की काका? मी इथे ठणठणीत आहे. वेळेवर जेवतो, रविवारी प्रार्थनेला जातो (बहुतेक), आणि हॉलिवूडच्या हवेने पोरं बिघडतात ही तुझी जी समजूत आहे, तिच्याबद्दल एवढंच सांगतो की इथे बिघडायलासुद्धा फुरसत मिळत नाही.

तर मुख्य गोष्ट. वाढदिवसाची तुझी लोणच्याची बरणी पोचली. फुटली नाही, तडकली नाही, तुझ्या जुन्या एप्रनचं निळ्या चौकडीचं फडकं तोंडाला जसंच्या तसं बांधलेलं. गाठ सोडली आणि शेपूचा असा वास आला की मी उभ्याउभ्या नेब्रास्कात, तुझ्या स्वयंपाकघरातल्या त्या मोडक्या स्टुलावर जाऊन बसलो. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते देवाने माझ्या बाबतीत जरा जास्तच मनावर घेतलं. पण तू होतीस म्हणून आपल्याला आई नाही हे मला कळायला फार उशीर लागला. मावशी, तुझे आभार मानायला हे पत्र लिहितोय, आणि हे नेहमीचे आभार नव्हेत. तुझ्या त्या काकड्यांवर एक अख्खं चित्र आणि तुझ्या भाच्याची नोकरी लटकलेली आहे. पहिल्यापासून सांगतो.

माझं काम तुला ठाऊक आहे. चित्रात नटनट्यांच्या हाताला जे जे लागतं, छत्री म्हण, टेलिफोन म्हण, कुत्र्याची साखळी म्हण, ते सगळं, म्हणजे इथल्या भाषेत ‘प्रॉपर्टी’, आणून जागच्या जागी ठेवायचं. (तू शेजारणींना ‘वेंडेल भांड्याकुंड्यांच्या धंद्यात आहे’ असं सांगतेस, ते मला कळलंय. राहू दे, अगदीच खोटं नाही.) सध्याचं चित्र प्रेमाचं आणि हसण्याचं आहे. एक कडक वकीलबाई आणि एक गुरांचा डॉक्टर. दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात, गाडी बंद पडते, एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात अडकतात, कडाकडा भांडतात, आणि भांडता भांडता भूक लागून ती बरणीतली काकडी उचलून चावते. आंबटपणाने तिचं तोंड असं होतं की तो हसतो, मग ती हसते, आणि संपलं! दोघंही गेले कामातून. म्हणजे बघ, इकडे लेखकाने वर्षभर डोकं फोडलं, नटांच्या कपड्यांना शिंपी नेमले, आणि सगळा डोलारा उभा कशावर? काकडीवर.

मी मेणाच्या काकड्या करून घेतल्या होत्या, वर बारीक काटेसुद्धा रंगवलेले. चावायच्या वेळेला दुकानची आणून देऊ असा बेत. पण आमच्याकडच्या दिव्यांची धग म्हणजे तुझी भट्टी परवडली. तालीम संपेपर्यंत त्या काकड्या वितळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दिग्दर्शक बेरेनीसाहेब (हे हंगेरीचे, रागावले की घरच्या भाषेत, आणि फार रागावले की आपल्या) बरणीला डोळा लावून ओरडले, “वेंडेल! अरे, माझ्या हिरोहिरॉईनच्या आधी तुझ्या काकड्यांनी लग्न उरकलं! खरी आण, आत्ताच्या आत्ता!” दुकान लांब. माझ्या जेवणाच्या पिशवीत तुझी बरणी. छातीवर दगड ठेवून मांडली टेबलावर, फडक्यासकट.

कॉरिनबाईंनी (या आमच्या नायिका, माणूस म्हणून सोनं, पण तालमीत मेणाची काकडी नुसती तोंडाशी नेऊन नेऊन कंटाळलेल्या) भांडणाच्या भरात हात घातला आणि चावली. कुर्रर्रकन! मावशी, त्या बाईंचे डोळे मिटले, एक खांदा कानाला जाऊन चिकटला, टिपूस आलं, आणि मग त्या अशा खुदकन हसल्या की ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. समोरचा हार्लन आपलं वाक्य विसरून खराखुरा हसला. आवाज टिपणारा ओटिस कानावरची ती आवाज ऐकायची लोखंडी टोपी काढून म्हणाला, “चित्रं बोलायला लागल्यापासून असा आवाज माझ्या कानात पडला नाही.” बेरेनीसाहेबांनी माझं कपाळ चुंबलं. मला वाटलं, आता पगार वाढतोय.

आता आमच्या धंद्यातली एक मेख ऐक. प्रसंग आधी लांबून टिपतात. मग कॅमेरा आणि दिवे जवळ ओढतात आणि तोच प्रसंग पुन्हा, या वेळी नुसता चेहरा. सगळं तंतोतंत तेच लागतं. तेच फडकं, तीच काकडी, तोच कुर्रर्र. दिवे हलवायला अर्धा दिवस जातो. त्यात सगळ्यांची जेवणाची सुट्टी. आणि सेटवरचं अन्न माणसांनी मटकावू नये म्हणून आम्ही प्रॉपर्टीवाले काय करतो ठाऊक आहे? पिचकारीने त्यावर रॉकेल मारतो. भाजलेल्या टर्की आमच्याकडे आठवडाभर उघड्यावर राहतात, कोणी बोट लावत नाही. सेटवरच्या प्रत्येकाला हा कायदा पाठ आहे: ज्याला रॉकेलचा वास, ते कंपनीचं, ज्याला नाही, ते आपलं.

मी पिचकारी उचलली. खरंच उचलली. बरणीच्या तोंडाशी नेली, आणि मावशी, हात धजावला नाही. तू उन्हात उभी राहून एकेक काकडी पारखून तोडलेली, आणि मी त्यावर रॉकेल मारू? पिचकारी खाली ठेवली आणि शहाण्यासारखा हात धुवायला गेलो.

परत आलो तर बरणीत शेपूची एक काडी. सगळ्यांची तोंडं निरागस आणि सगळ्यांच्या तोंडाला शेपूचा वास. दिवेवाल्यांनी खाल्ल्या, रंगाऱ्याने खाल्ल्या, प्रत्येक गोष्ट जुळते की नाही हे बघायला ज्यांना नेमलंय त्या व्हर्नाबाईंनी खाल्ल्या, ओटिसने तर कानावर टोपी ठेवून खाल्ल्या, स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकत! आणि बेरेनीसाहेब उरलेलं खारं पाणी बरणीला तोंड लावून पीत होते, डोळे मिटून. “आमच्या गावाला असंच प्यायचो रे,” म्हणाले, आणि रुमाल शोधायला लागले. आता अशा माणसावर ओरडू तरी कसा?

मग सुरू झाला गोंधळ. दुकानातल्या काकड्या आणल्या, ओटिस म्हणाला, “चिखलात बूट पडल्यासारखा आवाज येतोय, घेऊन जा.” कोवळी कच्ची काकडी आणली, आवाज उत्तम, पण बाईंचा चेहरा कोरा. लिंबू झालं, व्हिनेगर झालं. शेवटी कॉरिनबाई टेबलावर डोकं ठेवून मला म्हणाल्या, “अहो वेंडेल, तोंड वाकडं करायला मला लिंबू लागत नाही, त्याचेच तर मला पैसे देतात. पण त्यानंतर जे बरं वाटलं ना, ते मी कुठून आणू?” मला तर ते लहानपणापासून वाटत आलंय.

मोठ्या कचेरीतून एक टाय बांधलेले गृहस्थ आले. म्हणाले, स्वयंपाकघर कापून टाका, त्याजागी टेलिफोनवर प्रेम जमवा, आणि या प्रॉपर्टीवाल्याला घरी पाठवा. पण मावशी, ज्यांनी माझ्या काकड्या खाल्ल्या तीच माणसं माझ्या आजूबाजूला येऊन उभी राहिली. ओटिस म्हणाला, मी खाल्ल्या, मला काढा. दिवेवाल्यांनी दिवेच बंद केले. कॉरिनबाई म्हणाल्या, वेंडेल जाणार असेल तर मीही निघाले, माझी टोपी कुठे आहे? बेरेनीसाहेब दोन्ही भाषांत बोलले. शेवटी पुढच्या शनिवारपर्यंत मुदत मिळाली, कारण त्यानंतर ते स्वयंपाकघर पाडून तिथे पाणबुडी बांधायची आहे. एवढा जीव लावणारे लोक मला मिळाले, आणि ते तुझ्या हातच्या चवीने मिळाले. हे सांगण्यासाठीच आजचा पत्रप्रपंच. बाकी विशेष काही नाही. उत्तराची घाई नाही, सवडीने लिही. काकांना, गाईला आणि (नाइलाजाने) कोंबड्याला माझी आठवण सांग.

तुझा,
वेंडेल

ता. क. सवडीने लिहू नकोस, तार कर. तळघरात बटाट्यांच्या मागे जत्रेतल्या स्पर्धेसाठी राखलेल्या बरण्या आहेत, त्या सगळ्या मला हव्यात. तोंड नाही मागायला, जाणतो. यंदा श्लेगलबाईंच्या नाकावर टिच्चून पहिल्या बक्षिसाची निळी फीत तूच आणणार होतीस, आणि दर वर्षी त्या बया चर्चच्या पायरीवर ती फीत लावून कशा उभ्या राहतात तेही मी पाहिलंय. नाही म्हणालीस तर शपथेवर सांगतो, अजिबात रागावणार नाही. फक्त नोकरी नसल्यामुळे तुझ्याकडेच राहायला येईन.

ता. क. दुसरा. एप्रनचा उरलेला अर्धा तुकडा आण, आधीच्याला सगळ्यांनी हात पुसून ठेवलेत. धुऊ नकोस, रंग जुळायला हवा.

ता. क. तिसरा. ‘आण’ असंच लिहिलंय, चुकून नव्हे. बरण्या पोस्टाने फुटतील, मांडीवर घेऊनच आणायला हव्यात. कंपनीने काढलेलं रेल्वेचं तिकीट सोबत आहे. चित्र बघायची सक्ती नाही, तुझं मत मला ठाऊक आहे. तू फक्त बरण्यांशेजारी बसायचंस. रॉकेलपेक्षा तुझा धाक मोठा.

ता. क. शेवटचा. इथे मोठ्या माणसांना बसायला कापडी खुर्च्या असतात, पाठीवर नाव रंगवलेलं. तुझ्यासाठीही एक केलीय. बरणीतलं ते खारं पाणी पिताना बेरेनीसाहेबांनी विचारलं होतं, हे कोणी केलं? मला ‘मावशीने’ म्हणायचं होतं, तोंडातून ‘आईने’ गेलं. रंगाऱ्याने तेवढंच ऐकलं, आणि खुर्चीवर ‘वेंडेलची आई’ लिहून मोकळा झाला. तुला आवडलं नाही तर आल्यावर सांग, बदलून घेऊ. पण मावशी, तो रंग ओला होता तेव्हा मी बाजूलाच उभा होतो, फडकं हातात होतं, आणि मी पुसलं नाही.