रविवारी बदललेले शॉकअप

पप्पा, गेल्या आठवड्यात विरारच्या एका गॅरेजात आमच्या गाडीचे चारही शॉकअप बदलून घेतले. फार वेळाचं काम नव्हतं. गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, "मॅडम, नवीन आहेत ना, थोडे दिवस कडक लागतील. टेन्शन नका घेऊ." त्याच्या दृष्टीने ते नेहमीचं वाक्य असेल. मला मात्र आपली ती जुनी गाडी आठवली. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, आईला तर त्याहूनही जास्त. तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे आणि ती मला अजून सुखाने झोपू देत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी वीस-बावीसची होते. आईचं गाठीचं दुखणं मणक्यात उतरलं आणि दर सोमवारी तिला किरणांचा शेक द्यायला मुंबईच्या इस्पितळात न्यावं लागू लागलं. आगगाडीत चढणं तिला शक्य नव्हतं. म्हणून मग आपली ती तिसऱ्या हातची गाडी. सांडोरच्या वाडीतून केळीचे घड बाजारात नेऊन नेऊन तिचे धक्के झेलणारे शॉकअप पार गेले होते. मागचा कोपरा दाबून सोडला की ती चार-पाच वेळा खालीवर होई. खड्डा आला की आई कण्हायची आणि स्टिअरिंगवर तुमची बोटं पांढरी व्हायची. वसईतला मिस्त्री पुढच्या सोमवारच्या आत जमणार नाही म्हणाला, आणि आठवडाभर तुम्हाला शाळेत शिकवायचं होतं, सोमवारची तेवढी रजा. शनिवारी शाळा अर्धी, तेव्हा तुम्ही परस्पर मुंबईला जाऊन नवे शॉकअप घेऊन आलात. आता सोमवारच्या आत हातात उरला फक्त रविवार.

आणि रविवारी आपल्या घरात काडीही इकडची तिकडे होत नसे. एकदा चर्चमध्ये मिस्साला घालायच्या झग्याची शिवण उसवली म्हणून मी मशीनवर बसले, तर तुम्ही मशीनचा पट्टाच काढून खिशात घातलात. "देवाने सातातला एक मागितलाय, तोही देववत नाही तुला?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तेच तुम्ही त्या दिवशी पहिल्या मिस्साहून आलात, पांढरा सदरा खुंटीला अडकवलात आणि फणसाखाली गाडीला जॅक लावलात. चर्चमधून परतणारे शेजारी कुंपणापाशी थबकत होते. मी म्हटलं, "पप्पा, आज?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाना दे."

तुम्ही गाडीखाली उताणे आहात आणि मी रॉकेलची वाटी धरून उभी आहे. नट गंजून बसलेत. तुम्ही त्यावर रॉकेल सोडता, थांबता, पुन्हा पाना लावता. तुमच्या बोटांची सालं निघाली आहेत. पहिला जुना शॉकअप सुटतो. तुम्ही तो हाताने दाबता, तर दांडा सरसर आत जातो. "बघ, जीवच नाही ह्याच्यात." नवा दाबायला तुम्हाला दोन्ही हात लावावे लागतात. चारच्या सुमाराला शेवटचं चाक बसतं. तुम्ही कोपरा दाबून सोडता. गाडी एकदाच वर येते आणि तिथेच थांबते. ओटीवर उशीला टेकून बसलेल्या आईला तुम्ही म्हणता, "बघितलंस काय गो? एकदाच." कित्येक महिन्यांनी तुम्ही हसताय आणि तिच्याकडे न बघता मी तुमच्याकडेच बघत राहते.

सोमवारी आई मागे माझ्या खांद्याला टेकून बसली होती. पापडी गाव सुटायच्या आतच मला कळलं. आधी गाडी झोके द्यायची, आता रस्त्यावरची बारीक खडीसुद्धा सीटमधून थेट वर येत होती. आईची नखं माझ्या मनगटात रुतली. खाडीच्या पुलावर तुम्ही आरशात बघत विचारलंत, "लागतंय काय गो?"

"छे. पाळन्यात बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. आवाज इतका सरळ की मीच चमकून तिच्याकडे पाहिलं.

इस्पितळात तुम्ही केसपेपरच्या रांगेत होतात तेव्हा ती मला म्हणाली, "पयल्यापेक्षा जास्त लागतंय. पन त्यांना बोलू नको, तुला माजी शपथ. माज्यासाठी रविवार मोडला त्यांनी."

असे सहा सोमवार गेले. मनगट झाकायला मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागले. जुने शॉकअप विहिरीजवळच्या खोपीत गोणपाटात पडून होते. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही एका संध्याकाळीत ते परत चढवले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सातव्या सोमवारी गाडी काढायची वेळच आली नाही. मातीला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, "शेवटी शेवटी गाडीत तिला जरासुद्धा लागलं नाही." पुढे दर नोव्हेंबरात तिच्या कबरीवर मेणबत्ती लावतानाही तुम्ही तेच म्हणायचात आणि मी मान डोलवायची. तेवढ्या एका गोष्टीवर तुम्ही उरलेली वर्षं काढलीत.

आईने शपथ घातली म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. ते पुरतं खरं नाही. शपथा काय, मी आधीही मोडल्या होत्या. पण त्या दुपारी तुमच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते माझ्या एका शब्दाने पुसलं जाईल याची मला भीती वाटली. तुमच्या चेहऱ्यासाठी मी आईची पाठ दुखू दिली. याला दुसरं नाव नाही, पप्पा, आणि याची क्षमा मी तिच्याकडे मागायची की तुमच्याकडे, तेही मला कळत नाही.

हे लिहून झालं की तुमच्या कबरीवर ठेवून यायचं ठरवलं होतं. ठेवणार नाही. कारण उद्या तुम्ही समोर उभे राहून विचारलंत, तिला लागत होतं का, तर मी आजही नाहीच म्हणेन.